चौकट आणि भिंत यांमधली बोटभर फट

खिडकी बदलायची ठरली की घरात चर्चा होते ती काचेची आणि चौकटीची. काच एकपदरी की दुपदरी, दोन काचांमध्ये हवा की आर्गॉन, चौकट लाकडाची, अ‍ॅल्युमिनियमची की यूपीव्हीसीची, झडपा सरकत्या की बिजागरीच्या, अशा एकेका प्रश्नासाठी माहितीपत्रके चाळली जातात, दोन-तीन ठिकाणचे दर काढले जातात. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये जी फट उरते तिच्याबद्दल मात्र सहसा कोणी विचारत नाही. काम आटोपताना, बसवणाऱ्याच्या हाताशी जे असेल त्याने ती भरली जाते आणि वरून पट्टी ठोकली की वर्षानुवर्षे नजरेआड होते. ही फट चुकून राहिलेली नसते, ती मुद्दाम ठेवावी लागते. भिंतीतली मोकळी जागा नेमकी काटकोनात क्वचितच असते, आणि नवी चौकट ओळंब्यात व पातळीत आणायची तर पाचरी सरकवायला चहूकडून थोडी जागा हवीच. उत्तर अमेरिकेतल्या लाकडी घरांत नवी खिडकी त्या जागेपेक्षा साधारण अर्धा इंच कमी रुंद आणि अर्धा इंच कमी उंच घेतात. म्हणजे प्रत्येक बाजूला पाव इंच फट आली. जुन्या, कललेल्या घरांत ती अर्ध्या इंचावरही जाते. या फटीत काय भरायचे हे बहुतेक वेळा चुकीच्या मापाने ठरवले जाते, असे माझे म्हणणे आहे. ते माप म्हणजे वेष्टनावर छापलेला उष्णतारोधकतेचा आकडा.

तो आकडा इथे किती कामाचा आहे हे गणित करूनच पाहू. सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंदीची एक नेहमीची खिडकी घेऊ: रुंदी १.२ मीटर, उंची १.५ मीटर. तिचा घेर ५.४ मीटर. भोवतीची फट १० मिलिमीटर धरली तर तिचे क्षेत्रफळ ५४० चौरस सेंटिमीटर भरते. अशा दहा खिडक्यांच्या फटी एकत्र केल्या तर पाऊण मीटर लांब आणि जवळजवळ तितकेच रुंद असे एक भगदाड तयार होईल. आता बाहेर उणे १० अंश सेल्सियस आणि घरात २० अंश असा न्यू जर्सीतल्या जानेवारीतला एखादा दिवस धरू, आणि फटीची खोली १० सेंटिमीटर. फटीत फायबरग्लासची लोकर भरली तर त्या लोकरीतून वहनाने बाहेर जाणारी उष्णता साधारण ०.६ वॉट येते. पॉलियुरेथेन फोम भरला तर ती ०.५ वॉटच्या थोडी वर राहते. वेष्टनांवरच्या आकड्यांमध्ये जो फरक ग्राहकाला दाखवला जातो त्याची प्रत्यक्षातली किंमत एका खिडकीमागे एक दशांश वॉटसुद्धा नाही. फट इतकी अरुंद असते की तिच्यात भरलेला पदार्थ उष्णतेला थोडा जास्त अडवतो की थोडा कमी, याने घराच्या हिशेबात काहीच हलत नाही.

आता त्याच फटीतून हवा जाऊ द्या. ५४० पैकी फक्त १८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे तिसावा हिस्सा, आरपार उघडा राहिला असे समजू. मंद वाऱ्याने किंवा घरातली गरम हवा वर चढल्याने आतबाहेर चार पास्कल इतका किरकोळ दाबाचा फरक पडला, तरी त्या १८ चौरस सेंटिमीटरमधून तासाला सुमारे १० घनमीटर हवा वाहते. ती ३० अंशांनी तापवायला १०० वॉट लागतात. लोकर आणि फोम यांच्या उष्णतारोधकतेतल्या फरकापेक्षा हा आकडा हजारपटीने मोठा आहे. प्रत्यक्षात आतली पट्टी, बाहेरचे आच्छादन आणि दाबून भरलेली लोकर हवेला काही प्रमाणात अडवतात, त्यामुळे कोणत्याही एका घरात नेमका हाच आकडा येईल असे नाही. पण तो निम्म्याने किंवा दहापटीने कमी केला तरी निष्कर्ष बदलत नाही. फटीत भरायच्या पदार्थाला पहिला प्रश्न विचारायचा तो हाच: तू हवा अडवतोस का?

फायबरग्लासची लोकर या प्रश्नावर नापास होते. काचेचे बारीक तंतू एकमेकांत गुंतून त्यांच्यामध्ये हवेचे असंख्य कप्पे तयार होतात, आणि ती हवा स्थिर राहिली तर उष्णता अडते. हवा वाहू लागली की लोकर तिला फक्त गाळते. अमेरिकेतल्या घरांत भट्टीकडे जाणाऱ्या हवेतली धूळ अडवण्यासाठी जे स्वस्त गाळणे लावतात तेही काचतंतूंचेच असते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. जुन्या खिडक्यांच्या पट्ट्या उखडल्यावर आत मूळची पिवळी किंवा गुलाबी लोकर अनेकदा काळपट झालेली सापडते. तो काळेपणा वर्षानुवर्षे तिच्यातून गेलेल्या हवेने मागे ठेवलेल्या धुळीचा असतो. लोकर दाबली की तिचे सगळे गुण जातात, असेही सांगितले जाते. ते पूर्ण खरे नाही. बऱ्यापैकी दाबलेल्या लोकरीची दर इंचामागची उष्णतारोधकता उलट थोडी वाढते आणि हवाही काहीशी कमी जाते. पण ती हवाबंद कधीच होत नाही. शिवाय पाव इंचाच्या फटीत पट्टीच्या टोकाने कोंबलेली लोकर एका जागी गच्च आणि दुसऱ्या जागी पोकळ राहते, आणि हवा पोकळ जागा शोधतेच.

उष्णतारोधक थर घातलेला असूनही हवा त्याला वळसा घालून जाते, हे आज साधे वाटते, पण ते कळायला मोजमापे करावी लागली. १९७० च्या दशकात, तेलाच्या किमती भडकलेल्या असताना, प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स या वसाहतीतली घरे तपासायला घेतली. रॉबर्ट सोकोलो यांच्या नेतृत्वाखालच्या या कामात गौतम दत्त हेही होते. माळ्यावर उष्णतारोधक थर नीट अंथरलेला होता, तरी माळे गणितात बसत नव्हते. घरातली उष्णता अपेक्षेच्या कितीतरी पट जास्त प्रमाणात वर निसटत होती. शोध घेतला तेव्हा शेजारच्या घराला लागून असलेल्या भिंतींतल्या पोकळ्या आणि धुराड्याभोवतीच्या मोकळ्या जागा सापडल्या. गरम हवा त्यांतून थराला बगल देऊन माळ्यावर जात होती. तिथला प्रश्न खिडक्यांचा नव्हता, माळ्यांचा होता. पण थर कितीही जाड असला तरी कडेचा रस्ता बंद झाल्याशिवाय उपयोग नाही, हे तत्त्व खिडकीच्या फटीलाही जसेच्या तसे लागू पडते. त्याच मध्य न्यू जर्सीत आज कितीतरी मराठी कुटुंबांची घरे आहेत आणि त्यांतल्या अनेक घरांच्या मूळच्या खिडक्या आता बदलायला झाल्या आहेत.

थंड प्रदेशात हवेचा प्रश्न वीज-गॅसच्या बिलापुरता नसतो. घरातल्या हवेत स्वयंपाकाची, आंघोळीची, श्वासोच्छ्वासाची वाफ असते. ती हवा फटीतून बाहेर जाताना थंड लाकडाला भिडते आणि तिथे पाणी सुटते. जोसेफ ल्स्टिबुरेक या इमारतशास्त्रज्ञांच्या लेखनातले एक उदाहरण या क्षेत्रात वारंवार दिले जाते. जिप्समच्या ४ फूट बाय ८ फुटांच्या अख्ख्या पत्र्यातून थंड प्रदेशातल्या एका हिवाळ्यात वाफ झिरपून जे पाणी भिंतीत जाते ते सुमारे एक तृतीयांश लिटर. त्याच पत्र्याला एक इंच बाय एक इंचाचे भोक पडले तर हवेबरोबर जाणारे पाणी जवळजवळ २८ लिटर. खिडकीखालचे लाकूड कुजते तेव्हा दोष पावसाला दिला जातो, आणि बऱ्याचदा तो बरोबरही असतो. पण काही घरांत ते पाणी आतूनच आलेले असते.

मग भरायचे काय? अर्ध्या-पाऊण इंचापर्यंतच्या फटीसाठी माझे उत्तर खिडक्या-दारांसाठी मुद्दाम बनवलेला, कमी फुगणारा पॉलियुरेथेन फोम हे आहे. डब्यातून बाहेर पडलेला हा फोम हवेतल्या ओलाव्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतो. त्या क्रियेत कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्याने फोम आणखी फुगतो. हिवाळ्यातली कोरडी हवा असेल तर आधी फटीत पाण्याचा हलका फवारा मारावा लागतो, नाहीतर आतला भाग बराच काळ ओला राहतो. फोम लाकूड, वीट, काँक्रीट, यूपीव्हीसी यांना पक्का चिकटतो आणि वेड्यावाकड्या पोकळीचा आकार घेतो. हातमोजे, चष्मा आणि वाहती हवा यांशिवाय तो वापरू नये, कारण त्यातल्या आयसोसायनेटमुळे दम्यासारखा त्रास जडू शकतो. फट पाव इंचाहून अरुंद असेल तर फोमची नळी आत पोचत नाही. तिथे पॉलिथिलीनची गोल मऊ दोरी दाबून बसवावी आणि तिच्यावर लवचीक सीलंट भरावे. या दोरीचे काम केवळ जागा भरण्याचे नाही. सीलंट फक्त चौकट आणि भिंत या दोन बाजूंना चिकटले तर ते ताणले-आवळले जाऊ शकते. मागच्या बाजूलाही चिकटले तर पहिल्याच हालचालीत फाटते. दोरी त्याला मागे चिकटू देत नाही.

फोमवरचा सर्वांत जुना आक्षेप असा की तो चौकट वाकवतो, झडपा अडकतात आणि खिडकी कायमची बिघडते. हे घडलेले आहे, आणि अनेक कारागिरांनी त्यानंतरच लोकरीची वाट धरली. पण मोठी भोके भरायचा जोरदार फुगणारा फोम खिडकीला मारल्याचा तो परिणाम होता. फोमच्या दाबाने चौकट किती वाकते हे तपासण्याची एक पद्धत अमेरिकेतल्या खिडकी-उद्योगाच्या संस्थेने ‘आमा ८१२’ या नावाने ठरवून दिली आहे. त्या कसोटीला उतरलेला फोम, झडप बंद ठेवून आणि फट एकदम न भरता दोन हातांत भरला, तर चौकट वाकत नाही. दुसरा आक्षेप असा की पुढे खिडकी पुन्हा काढायची झाली तर फोम कापून काढावा लागतो. खरे आहे, पण पातळ करवतीने तो कापता येतो, आणि तीस वर्षांतून एकदा येणाऱ्या कामाच्या सोयीसाठी तीस हिवाळे गळकी फट ठेवणे मला पटत नाही. लोकर कायमची बाद करावी असेही मी म्हणत नाही. ती ओली झाली तरी सुकू शकते, स्वस्त आहे आणि जळत नाही. फटीच्या आतल्या तोंडाशी सलग सीलंट भरून तिला हवाबंद केले तर मागे लोकर असलेली चालते. मात्र मग हवा अडवण्याचे काम सीलंट करते, लोकर नव्हे, हे ध्यानात असावे.

अमेरिकेतल्या जुन्या घरांत एक पोकळी अशी असते की ती दिसतच नाही. तिथल्या वरखाली सरकणाऱ्या जुन्या झडपा दोरीने कप्पीवरून बिडाच्या वजनांना बांधलेल्या असत, आणि ती वजने चौकटीच्या दोन्ही अंगांच्या उभ्या पोकळ कप्प्यांत खालीवर होत. जुनी चौकट तशीच ठेवून आत नवी खिडकी बसवली तर दोन चौकटींमधली फट भरली जाते, पण वजनांचे कप्पे खालपासून वरपर्यंत मोकळेच राहतात. दुपदरी काच, उत्तम चौकट, आणि दोन्ही बाजूंना थंड हवेची धुराडी! ती वजने काढून कप्पे गच्च भरणे आणि कप्पीची भोके बंद करणे हे नव्या खिडकीइतकेच महत्त्वाचे काम आहे. १९७८ पूर्वीच्या घरांत हे काम करताना रंगात शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. लहान मुले असलेल्या घरात तर त्याची भुकटी उडू देणे गुन्ह्यासारखेच आहे.

‘घराने श्वास घ्यायला हवा’ हा आक्षेप मनाला लगेच पटतो, म्हणून त्याला उत्तर देणे भाग आहे. माणसांना ताजी हवा लागते, याबद्दल वाद नाही. पण फटीतून येणारी हवा आपल्या गरजेप्रमाणे येत नाही. कडाक्याच्या थंडीत, वादळी वाऱ्यात ती नको तितकी येते आणि शांत, उबदार दिवशी जवळजवळ येतच नाही. १९७७ साली कॅनडातल्या रेजायना शहरात बांधलेल्या सस्कॅचवन कॉन्झर्वेशन हाउसने दुसरा मार्ग दाखवला: घर जमेल तितके हवाबंद करायचे आणि ताजी हवा यंत्राने, जाणाऱ्या हवेतली उष्णता परत मिळवत, मोजून आत घ्यायची. या आक्षेपात एक गंभीर तथ्य मात्र आहे. घरात ज्योतीवर चालणारे उपकरण असेल आणि त्याला स्वतंत्र हवा नसेल, तर फटी बुजवल्याने कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो. आपल्याकडे बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने माणसे दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. अशा न्हाणीघराची जाळी किंवा झरोका कोणत्याही कारणासाठी बुजवू नये.

फोमबद्दलचा सर्वांत महागात पडणारा गैरसमज पाण्याचा आहे. फोम हवा अडवतो, पण पावसाविरुद्धचा बांध म्हणून त्याच्यावर विसंबता येत नाही. उन्हात तो तपकिरी होऊन भुगा होतो, आणि चौकटीच्या सांध्यांतून कधीतरी पाणी आत येणारच हे धरून बांधकाम करावे लागते. म्हणून खिडकीखालची बैठक बाहेरच्या बाजूला उतरती हवी, तिच्यावर पाणी न झिरपणारा थर हवा, आणि खालच्या फटीचे बाहेरचे तोंड पाणी निघून जाण्यासाठी मोकळे ठेवून हवाबंदी आतल्या कडेला करायला हवी. चारही बाजू बाहेरून गच्च बंद केल्या की आत आलेले पाणी आतच राहते. जर्मनीत खिडकी बसवणारे ‘आतून जास्त घट्ट, बाहेरून कमी’ असा नियम पाळतात तो याचसाठी. आतली वाफ फटीत शिरू नये आणि शिरलीच तर बाहेर निघावी.

हाच फोमचा डबा आता पुण्या-मुंबईतही सर्रास मिळतो आणि यूपीव्हीसीच्या खिडक्या बसवणारे तो वापरतात. पण थंड देशातली कारणे इथे लागू नाहीत. बाहेर ३५ आणि वातानुकूलित खोलीत २५ अंश असताना, वर घेतलेल्या खिडकीच्या एकपदरी काचेतून वहनानेच १०० वॉटच्या आसपास उष्णता आत येते, आणि भोवतीच्या फटीतल्या सिमेंटच्या भरावातून दोन वॉटसुद्धा नाही. उष्णता अडवण्यासाठी फोम भरा, हा सल्ला महाराष्ट्रात निरर्थक आहे. त्यासाठी खिडकीवर सावली करा. इथे फट नीट भरायची ती तीन वेगळ्या कारणांसाठी: पावसाची झड, रस्त्याचा आवाज आणि चौकटीची हालचाल.

हालचालीचे आधी सांगतो, कारण बाकीचे दोन दोष तिच्यातून उगवतात. आपल्याकडे फट सिमेंटच्या मालाने भरण्याची सवय आहे. दीड मीटर लांबीची यूपीव्हीसीची पट्टी ४० अंशांच्या फरकाने सुमारे ४ मिलिमीटर लांबते. तेवढीच अ‍ॅल्युमिनियमची पट्टी १.४ मिलिमीटर, आणि काँक्रीट अर्ध्या मिलिमीटरच्या थोडे वर. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात तापलेली चौकट आणि जानेवारीतली पहाट यांच्यात ४० अंशांचा फरक सहज पडतो. कडक माल ही हालचाल सोसत नाही. चौकटीच्या कडेने केसासारखी भेग पडते आणि जूनमध्ये झड त्याच भेगेतून आत येते. मग गिलाव्यावर, बहुधा रंगाच्या भुकटीवरच, सिलिकॉनची रेघ ओढली जाते आणि ती पुढच्या पावसाळ्याआधी सुटते. इथे मधल्या फटीत लवचीक फोम, बाहेरच्या तोंडाशी दोरी आणि तिच्यावर धूळ साफ करून भरलेले, ऊन सोसणारे सीलंट, अशी रचना हवी. वातानुकूलन असलेल्या खोलीत पावसाळ्यातली दमट हवा बाहेरून आत येऊ पाहते, म्हणून जर्मन नियम इथे तसाच उचलता येत नाही, बाहेरचे तोंडही घट्टच लागते. पाणी निघून जायला खालच्या कडेची वाट आणि सरकत्या खिडकीच्या पट्टीतली भोके मात्र मोकळी ठेवायलाच हवीत. ती सिलिकॉनने बुजवलेली दिसतात तेव्हा वाईट वाटते. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसेल तर कोणतेही सीलंट फार काळ टिकणार नाही.

आवाजाचे गणित तर अधिकच कठोर आहे. रस्त्याचा आवाज ३५ डेसिबलने कमी करणारी महागडी खिडकी बसवली आणि तिच्या क्षेत्रफळाच्या एक हजारांश इतकी फट उघडी राहिली, तर ती खिडकी सुमारे २९ डेसिबलच रोखते. म्हणजे आवाजाची चौपट ऊर्जा आत येते. हा एक हजारांश भाग म्हणजे आपल्या उदाहरणातले तेच १८ चौरस सेंटिमीटर. फट एक टक्का असेल तर काच कोणतीही असो, २० डेसिबलच्या पुढे मजल जात नाही. आवाजासाठी पैसे मोजणाऱ्याने काचेइतकाच आग्रह भरावाच्या सलगपणाचा धरला पाहिजे. फोम जळतो, हेही विसरू नये. उंच इमारतीत मजला आणि दर्शनी काचभिंत यांच्यामधल्या फटीत अग्निरोधक खनिज लोकरच हवी, तिथे फोमला जागा नाही.

काम चालू असेल तर पट्टी ठोकण्यापूर्वी, गिलावा फिरवण्यापूर्वी, एकदा स्वतः पाहा. सगळ्या खिडक्या लावा, स्वयंपाकघरातला बाहेर हवा फेकणारा पंखा चालू करा आणि पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवा, कोपऱ्यांत आणि पाचरींजवळ थोडी थांबवा. धूर जिथे हलेल तिथे फट उघडी आहे. फोम ज्वलनशील वायूच्या जोरावर बाहेर येतो, म्हणून ही तपासणी तो पूर्ण सुकल्यावर, दुसऱ्या दिवशी करा. झड लागणारी भिंत असेल तर बाहेरून नळीने पंधरा मिनिटे पाणीही मारून घ्या. हे झाल्याशिवाय कारागिराला शेवटचा हप्ता देऊ नका.